सेलीनचं आठवं गाणं

"वाईट नाहीये," रेकॉर्डिंग करणारा निनाद कर्णिक म्हणाला आणि त्याने कानांवरचे हेडफोन काढले.

'वाईट नाहीये' म्हणणाऱ्या माणसाला काय म्हणायचं असतं ते सगळ्यांनाच कळतं. ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसलेला अख्खा लोपीस बँड आपापल्या वाद्याकडे बघायला लागला. मीही माझ्या क्लॅरिनेटच्या तोंडाची पट्टी काढून उगाच पुसली.

"फक्त थोडी जान कमी वाटतेय," कर्णिक पुढे म्हणाला. "इनासजी, तुम्हाला काय वाटतं?"

वसईत कोणी कोणाला 'जी' म्हणत नाही. मागच्या रांगेतला ढोलवाला खुसखुसला. इनासने हातातलं पितळी कॉर्नेट मांडीवर आडवं ठेवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मास्तर, त्याला सांग, आम्ही बसून वाजवत नाही."

"म्हणजे?" कर्णिकने विचारलं.

"म्हणजे नवरी काय खुर्चीवर बसून देवळात जाते?"

आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. लग्नाच्या दिवशी नवरीच्या घरापासून देवळापर्यंत बँड पुढे आणि वऱ्हाड मागे, अशी आमची चाल. लोपीस बँड जन्मभर रस्त्यावरच वाजला. आमच्यातल्या निम्म्यांना नोटेशन वाचता येत नव्हतं, ठेका पायांत होता. पाय खुर्चीखाली गेले आणि ठेकाही तिथेच गेला, इतकी ती साधी गोष्ट होती. पण ती आमच्याही लक्षात यायला अर्धी सकाळ गेली. रेकॉर्डिंग म्हणजे काहीतरी बसून करायचं काम, असं आम्हीच धरून चाललो होतो.

आतल्या खोलीतून, पियानोपाशी बसलेल्या सेलीनचा आवाज आला. "सर, त्यांना सांगा, चालत वाजवा. वाडीतल्या वाटेवरून या. लांबून."

'त्यांना' म्हणजे तिच्या सख्ख्या भावाला. इनास खिडकीपासून चार हातांवर बसला होता, त्याला सगळं ऐकू गेलं होतं. तरी तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणालो, "इनास, ती म्हणते, चालत वाजवा."

"चालेल म्हणावं."

"सेलीन, तो म्हणतो, चालेल."

सकाळपासून माझं हेच काम चालू होतं. मी त्या दोघांचा टपाल्या झालो होतो.

हे सगळं सांगायचं तर थोडं मागे जायला हवं. इनासच्या वडिलांनी, पास्कोल लोपीस यांनी, हा बँड उभा केला. केळीच्या बागा, थोडी भाजी आणि बँड, एवढा त्यांचा संसार. मुंबईतलं बिऱ्हाड मोडून परदेशी निघालेल्या एका कुटुंबाकडून त्यांनी एक जुना पियानो आणला, बैलगाडीतून, आणि घराची चौकट काढून तो आत घेतला. तो सेलीनसाठी होता. इनासला कॉर्नेट, सेलीनला पियानो. सेलीन शाळेत माझी विद्यार्थिनी होती, निबंधात हुशार, गणितात कच्ची. पुढे ती मुंबईला जाऊन पियानो शिकली, आणि दर शनिवारी घरी येऊन शिकलेलं वडिलांना वाजवून दाखवायची.

पास्कोलकाका खूप आजारी होते तेव्हाची गोष्ट. ती शनिवारची दुपार होती आणि जवळच्याच आळीत लग्न होतं. आम्ही नवरीला घेऊन देवळाकडे निघालो होतो. वाटेत त्यांचा शेजारी बर्नड सायकलवरून आला, इनासच्या कानाशी लागला आणि गेला. इनासने मान हलवली आणि वाजवत राहिला. वरात अर्ध्यावर सोडायची नाही, हा पास्कोलकाकांचाच नियम होता. घरी आग लागली तरी नवरी देवळाच्या पायरीवर पोचेपर्यंत बँड थांबणार नाही, असं ते नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे.

नवरी पोचवून इनास घरी धावला, युनिफॉर्ममध्ये, खांद्यावर सोनेरी दोऱ्या लोंबत होत्या. मी मागोमाग होतो. काका गेले होते. सेलीन दारात उभी होती. तिने भावाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "वाजवून झालं?"

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. मातीला आली, सातव्या दिवसाच्या मिस्साला, देवळातल्या प्रार्थनेला आली, आणि मग मुंबईला गेली ती गेलीच. इनासनेही तिला कधी काही सांगितलं नाही. तो मुळात कमी बोलणारा, त्यात चूक कबूल करायची की नाही याचा विचार करता करता वर्षं निघून जातात, तशी गेली.

मध्यंतरी सेलीनचं नाव झालं. ती स्वतः गाणी लिहायची, चाल लावायची आणि पियानोवर बसून म्हणायची. मराठीत असं करणारे फारसे नव्हते. तिचा पहिला अल्बम नुसता पियानो आणि आवाज, मध्ये कुठे तरी बोटांची नखं पट्ट्यांवर वाजलेलीही ऐकू यायची. लोकांनी तो डोक्यावर घेतला. इनासनेही ऐकला असणार, कारण त्याच्या बायकोने, रेजिनाने, एकदा मला हळूच सांगितलं की बागेत पाणी सोडताना हा माणूस भलत्याच चाली गुणगुणतो.

मग दुसऱ्या अल्बमची वेळ आली. एके दिवशी तिचा मला फोन आला.

"सर, या वेळी मोठा आवाज हवाय मला. 'शांत पियानोवाली बाई' ऐकून कंटाळलेय. व्हायोलिनं घेतलीत, गिटार घेतलीय, ड्रम्स घेतलेत. सात गाणी झालीत. आठव्याला बँड पाहिजे."

"मुंबईत मिळतील की वाजवणारे."

"आपला पाहिजे."

"हे तू मला का सांगतेस?"

"मग कोणाला सांगू?" ती म्हणाली.

मी इनासकडे गेलो तेव्हा तो केळीच्या घडाला टेकू देत होता. ऐकून घेतल्यावर त्याने टेकू नीट बसला का ते हलवून पाहिलं, मग दुसरा हलवून पाहिला. त्याचे पुढचे दोन दात हलायला लागले होते. कॉर्नेटवाल्याचे पुढचे दात गेले की त्याचं वाजवणं संपलं. हा त्याचा शेवटचा हंगाम, हे बँडमध्ये सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

"बँड कोणी बोलावला तर जायचं," तो शेवटी म्हणाला. "पण मी मुंबईला येणार नाही. तिला म्हणावं, घरी ये. पियानो इथेच आहे."

मला हेच हवं होतं, खोटं कशाला बोलू? गाण्याचं काय व्हायचं ते होवो, ती एकदा त्या दारातून आत यावी आणि या दोघांनी माझ्याशी नाही, एकमेकांशी एक वाक्य बोलावं, एवढीच माझी इच्छा होती. आता नाही तर पुन्हा निमित्त मिळणार नव्हतं.

ती आली. रेजिनाने तिला मिठी मारली, इनास त्या वेळी नेमका विहिरीवर होता. मुंबईहून माणूस येऊन पियानो सुरात लावून गेला होता. पास्कोलकाकांची खाट अजून त्याच खोलीत होती, तिच्यावर कर्णिकने आपली यंत्रं मांडली. पोरगा चांगला होता. दाढी वाढवलेला, सारखा चहा पिणारा, कामात पक्का. फक्त प्रत्येक गोष्ट त्याला मोठी हवी असायची. चहाही.

तर आम्ही चालत वाजवायचं ठरलं. कर्णिकने वाटेवर तीन-चार ठिकाणी माइक उभे केले, एक तर माडाच्या खोडाला बांधला. लांबून पियानो ऐकू येईना, म्हणून त्याने इनासला एका कानात घालायला एक बारीकसं यंत्र दिलं.

इनासने ते तळहातावर घेऊन विंचवाकडे बघावं तसं पाहिलं. "हे कशाला?"

"त्यात तुम्हाला पियानो येईल. तुम्ही ठेका धरा, बाकीचे तुमच्या मागे."

"आणि गाणं?"

"शब्द अजून व्हायचेत," कर्णिक म्हणाला. "सध्या मॅडम ला-ला करतील."

त्यात नवल काही नव्हतं. सेलीन नेहमीच आधी चाल करायची, शब्द अगदी शेवटी.

ला-ला वर पहिला प्रयत्न झाला तो झकास झाला. आम्ही वाडीच्या टोकापासून निघालो, केळींमधून, विहिरीला वळसा घालून घराशी आलो. पाय चालायला लागल्यावर बँडही चालायला लागला. ढोल बसला, सॅक्सोफोनवाला खुशीत येऊन मध्येच स्वतःच्या मनाने दोन जागा घेऊन गेला. आत गेलो तर कर्णिक हसत होता.

"जमलं! फक्त एक सांगा मॅडम, बँड लांबून सुरू होतो तिथे तुम्ही पियानो एकदम का थांबवता? एवढा छान चाललेला असतो. खालून चालू ठेवू या ना. पियानोवर बँड, त्यावर व्हायोलिनं चढवू, बघा काय उठेल ते."

"तिथे पियानो थांबतो," सेलीन म्हणाली.

"पण हा पियानोचा अल्बम आहे."

"तिथे थांबतोच, निनाद." मग ती हात पुसून पाणी प्यायली आणि म्हणाली, "शब्द झालेत. आता एकदा शब्दांसकट घेऊ. सगळं एकत्र. मी इथे, बँड बाहेर."

"आवाज आपण मुंबईत शांतपणे घेऊ की."

"नाही. इथेच." आणि माझ्याकडे बघून, "सर, त्यांना सांगा, कानातलं काढू नका म्हणावं."

मी सांगितलं. इनासने मान हलवली.

आम्ही परत वाडीच्या टोकाला गेलो. ऊन कलायला लागलं होतं, रेजिनाच्या स्वयंपाकघरातून मासळी तळल्याचा वास येत होता. इनास पुढे, पाठ आमच्याकडे, एका कानात ते यंत्र. आम्हाला पियानो ऐकू येत नव्हता आणि गाणंही नाही. आम्हाला फक्त त्याची पाठ दिसत होती. त्याने हात वर केला, खाली आणला, आणि आम्ही निघालो.

विहिरीपर्यंत सगळं ठीक चाललं. तिथे इनासच्या ओठांवरून कॉर्नेट खाली आलं. मला वाटलं, दाताने दगा दिला. पण त्याचे पायही थांबले. तो वाटेच्या मधोमध उभा राहिला, आणि त्याच्या मागचा अख्खा बँड एकमेकांवर येऊन आदळला. आम्हाला थांबायची सवयच नव्हती. कोण अर्ध्या सुरावर तुटला, कोणी दोन सूर जास्त वाजवले, ढोल एकदा चुकून पडला. सगळ्यांत शेवटपर्यंत वाजवत राहिलो तो मी. मला कळलंच नाही. माझी एकट्याची क्लॅरिनेट थोडा वेळ केळीच्या बागेत कोणाला तरी शोधत असल्यासारखी वाजली, मग तीही थांबली.

पुढे अल्बम आला तेव्हा एका रविवारच्या पुरवणीत त्याच्यावर बरंच लिहून आलं. समीक्षकाचं म्हणणं होतं की बाईंचा हा अल्बम वर-खाली झाला आहे. खोटं नव्हतं ते. व्हायोलिनांचं तिसरं गाणं खरोखरच सुंदर होतं, ते ऐकताना मलाही वाटलं की हिचा आवाज इतके दिवस लहान खोलीत कोंडला होता. पण पाचव्यात ड्रम्स असे काही बडवले होते की ती काय म्हणते ते कळायला कागद हातात घ्यावा लागे, आणि सहावं-सातवं नुसतंच फुगलेलं होतं. आठव्याबद्दल तर त्याने हात जोडले होते. गाण्याच्या ऐन मध्यावर पियानो बंद पडतो, मग एक लग्नाचा बँड येतो आणि चक्क कोसळतो, शेवटी एक क्लॅरिनेट भरकटते. हे ठेवायला कोणी सांगितलं? असं त्याने विचारलं होतं.

कोणी सांगितलं ते मला माहीत होतं. कर्णिककडे ला-ला वाला चांगला बँड होता, त्यावर नुसता आवाज चढवला की काम झालं असतं. त्याने हातापाया पडून पाहिलं. सेलीनने ऐकलं नाही. मी आयुष्यात एकदाच रेकॉर्डवर वाजलो, तेही चुकलेला, आणि माझे विद्यार्थी ते मला अजून ऐकवतात.

पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी इनास विहिरीपासून सरळ घरात गेला. मी त्याच्या मागे. आत कर्णिक उठून उभा राहिला होता, त्याला काही समजत नव्हतं. सेलीनचे हात मांडीवर होते. खिडकी उघडी होती.

इनासने कानातलं यंत्र काढलं. "मास्तर," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिला विचार, आत्ता काय म्हणाली ते."

मी तोंड उघडणार तेवढ्यात सेलीन म्हणाली, "मला विचार."

कर्णिकला तेवढं शहाणपण होतं, तो चहाचा कप घेऊन बाहेर ओट्यावर गेला.

"काय म्हणालीस?" इनासने विचारलं. तिला विचारलं.

ती गायली नाही. साधं वाचल्यासारखं म्हणाली,

"माझी बोटं पट्ट्यांवरती, तुझा कान वाटेवर,
थांब म्हणालास, पोरी, थांब, दादा आला वेशीवर."

"हे खरं आहे?"

"त्या दिवशी मी पप्पांना वाजवून दाखवत होते," ती म्हणाली. "मुद्दाम त्यांच्यासाठी बसवलेलं. महिनाभर बसवत होते. त्यांना श्वास नीट घेता येत नव्हता, मला वाटलं, ऐकून बरं वाटेल. आणि लांबून तुमचा बँड ऐकू आला. त्यांनी हात वर केला. थांब म्हणाले. खिडकी उघड म्हणाले. मी उघडली." तिने खिडकीकडे पाहिलं नाही. "ते ऐकत राहिले. बोट असं चादरीवर हलवत होते, ठेक्यावर. तुम्ही लांब गेलात, बँड ऐकू येईनासा झाला, तरी बोट हलत होतं. मग थांबलं."

इनास खाटेच्या कडेवर बसला, यंत्रांच्या तारांमध्येच.

"मी समजत होतो," तो म्हणाला, "मी आलो नाही म्हणून तू..."

"तू आला नाहीस याचा मला राग कधीच नव्हता. मी एवढं शिकले, एवढी बोटं झिजवली, ते त्यांना ऐकवायला. आणि शेवटी त्यांनी मला थांबवलं आणि तुला ऐकलं. तू तिथे नव्हतास तरी तूच होतास खोलीत." तिचा आवाज चढला. "काय सांगणार होते मी तुला दारात? की पप्पा तुझंच ऐकत गेले? सांगवलं नाही मला. इतकी वर्षं सांगवलं नाही. म्हणून म्हटलं, वाजवून झालं."

मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. ज्या गोष्टीने इनासचं अर्धं ओझं उतरलं असतं ती गोष्ट या मुलीने एवढी वर्षं मुठीत धरून ठेवली होती, याचा मला राग आला, आणि तिच्याकडे पाहिलं तेव्हा तो टिकलाही नाही.

इनास बराच वेळ कॉर्नेटच्या तोंडावरून अंगठा फिरवत होता. मला वाटलं, आता हा उठेल आणि विहिरीवर जाईल. तो उठला नाही. त्याने बँडमास्तरने विचारावा तोच प्रश्न विचारला.

"कसं वाजत होतं?"

सेलीनच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं, हसू म्हणायचं तर म्हणा.

"पप्पा म्हणाले, इनास घाई करतोय."

मला ती वरात आठवली. नवरीची आई मागून ओरडत होती, अरे जरा हळू, पोरीच्या साडीत पाय अडकतोय. सॅक्सोफोनवाल्याला धाप लागली होती. आम्ही देवळापाशी पोचलो तेव्हा फादर अजून तयारही झाले नव्हते, आणि घामाने भिजलेली नवरी पायरीवर उभी राहून त्यांची वाट बघत होती. उन्हामुळे असेल, असं आम्ही सगळे तेव्हा म्हणालो होतो.

"घाई करतच होतो, बाय," इनास म्हणाला. "बर्नड सांगून गेला होता ना. थांबता येत नव्हतं. घरी यायचं होतं."